मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आलोय, कोणत्या सवयी लावू?

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलास, गणित जड जातंय, आणि सीनिअर सांगतात की कॅटिया (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि ॲन्सिस (भार-ताण तपासायचं सॉफ्टवेअर) यांचे क्लास लावल्याशिवाय नोकरी नाही. तर आधी काय करू, असं विचारलं आहेस. वयाने बराच लहान आहेस, म्हणून अरेतुरे करतो.

माझी नोकरी चाकण-भोसरी पट्ट्यातली. दरवर्षी नवीन पोरं हाताखाली येतात. मार्क भरपूर असूनही जी अडखळतात, त्यांच्यात मला बहुतेक वेळा एकच उणीव दिसते: समोर आलेला आकडा खरा असू शकतो का, हे ती स्वतःला विचारत नाहीत. कॅल्क्युलेटरने दिला ना, मग झालं. म्हणून माझ्या मते सवय एकच लाव. गणित सोडवायच्या आधी उत्तराचा अंदाज वहीत लिहायचा, एककासकट. मग सोडवायचं. दोन्हींत दहापट फरक आला तर पुढे जायचं नाही.

अंदाज बांधायला थोडे आकडे तोंडपाठ लागतात. स्टीलची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, म्हणजे १० मिमी जाडीची एक चौरस मीटर प्लेट ७८ किलोच्या आसपास. मॉडेलमध्ये ७.८ किलो दिसलं तर जाडी टाकताना शून्य खाल्लंय. चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर, लोड असताना साधारण १४४० आरपीएमने फिरते. ७.५ किलोवॅटची असेल तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ९५५० (ठरलेला गुणक) गुणिले ७.५ भागिले १४४०, सुमारे ५० न्यूटन-मीटर. हे एकदा अंगात मुरलं की शाफ्टच्या गणितात ५००० आल्यावर पेन आपोआप थांबतं.

स्टील दर मीटरला, दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं, हे व्हायवात सगळे धडाधडा सांगतात. शॉपवर मात्र १०० मिमीचं बोअर, म्हणजे आरपार कोरलेलं गोल भोक, मशीनवरून उतरलं की गरम असतानाच मोजतात. जॉब (बनवलेला भाग) गेजपेक्षा, म्हणजे मोजायच्या साधनापेक्षा, २५ अंशांनी गरम असेल तर ३० मायक्रॉनचा फरक पडतो, आणि त्या मापाला एच७ या प्रमाणित वर्गाची अख्खी टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, आहे ३५ मायक्रॉन! दुपारी पास झालेलं बोअर संध्याकाळी लहान भरतं, आणि शिव्या खातं बिचारं मशीन.

याहून भयंकर उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं हयात रीजन्सी हॉटेल बघ. १७ जुलै १९८१ला तिथल्या लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये एकच लांब रॉड छतापासून वरच्या पुलातून थेट खालच्या पुलापर्यंत जात होता. एवढ्या लांबीवर आटे पाडणं कटकटीचं, म्हणून त्याचे दोन रॉड केले: वरचा पूल छताला टांगलेला आणि खालचा पूल वरच्याच्या बीमला. दिसायला किरकोळ बदल, पण वरच्या बीमखालच्या नटवर आता दोन्ही पुलांचा भार, म्हणजे दुप्पट. मूळ जोडसुद्धा नियमात बसेल इतका मजबूत नव्हता, हे नंतर चौकशीत निघालं. बदल मंजूर झाला, पण ‘आता या नटवर किती येतं?’ हे कुणी नव्याने मांडलं नाही. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले. यात अवघड गणित कुठेच नव्हतं. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एक भाग सुटा काढून त्यावरचे सगळे जोर दाखवणारी आकृती, तू डिप्लोमातच शिकलास.

आता सबमिशनबद्दल. ग्लास ट्रेसिंग, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याचं ड्रॉइंग गिरवणं, सगळेच मारतात, तूही मारशील, मी उपदेश करणार नाही. फक्त जे रीडिंग लिहितोस ते स्वतः घे. मित्राच्या जर्नलमधून उतरवलेल्या रीडिंगवर अंदाजाची सवय लागत नाही, कारण उत्तर आधीच ‘बरोबर’ असतं.

नोकरीत गेल्यावर याच वहीत आणखी एक रकाना वाढव: आकडा कुठून आला. कोणतं ड्रॉइंग, कोणतं रिव्हिजन, कुणी तोंडी सांगितला, तारीख काय. तोंडी ठरलेलं त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलने कळवून टाक. सहा महिन्यांनी ‘हे माप कुणी बदललं?’ म्हणून मीटिंग बसते तेव्हा सगळ्यात नवखं पोरगंच सापडतं. आणि ऑपरेटरशी बोलत जा. त्यांना दादा-मामा म्हण, पण नुसतं हो-हो करू नकोस. ‘असं का करता?’ विचार. त्यांचा अंदाज आपल्यापेक्षा पक्का असतो, फक्त तो कागदावर नसतो.

लवकर उठणं वगैरे तुझं तू बघ.

क्लासचं म्हणशील तर कॅटिया तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत शीक, पुरतं. ॲन्सिसला हात लावण्याआधी एका टोकाला धरलेल्या साध्या बीमचं डिफ्लेक्शन (भाराने किती वाकतो ते) हाताने काढ, मग तेच मॉडेल चालवून बघ. दोन आकडे जुळले नाहीत तर दोन्ही इथे टाक, कुठे बिनसलं ते बघू.