‘माझ्यामुळेच’ मधला ‘च’

पाऊस सुरू झाला की आमच्या वॉर्डात एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं. “मॅडम, माझ्यामुळेच बाळाला सर्दी झाली.” म्हणणारी आई वेगळी असते, वाक्य तेच. हृदयाचा गंभीर दोष असलेल्या बाळांच्या आयांशी मी समुपदेशक म्हणून अकरा वर्षं बोलते आहे. त्यातल्या एकीची ही गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत बदललेली.

चार महिन्यांचा मुलगा, हृदयाच्या खालच्या कप्प्यांमध्ये मोठं छिद्र. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. त्याआधी आठ दिवस नाक गळायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी बाळ ऑक्सिजनवर. तपासणीत आरएसव्ही हा विषाणू निघाला. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना तो एकदा तरी गाठतो, बहुतेकांना साध्या सर्दीसारखा. पण अशा छिद्रामुळे फुप्फुसांत आधीच जास्तीचं रक्त जात असतं. त्यात बारीक श्वासनलिका सुजल्या की बाळ थकून जातं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असताना ऑपरेशन धोक्याचं, म्हणून तारीख सहा आठवडे पुढे गेली.

बाळ सावरलं, पण आई ढासळली. ती माझ्यासमोर बसली तेव्हा मी आधी तिचे हात पाहिले. साबणाने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, एकीतून रक्त आलेलं. सासूबाईंनी बाळाला घ्यायचं नाही, नवऱ्याने खोलीत यायचं नाही. चार वर्षांची थोरली बालवाडीतून शेंबूड घेऊन आली म्हणून तिला मारलं होतं. “ती उंबऱ्यावर उभी राहते मॅडम. आत येत नाही आता.” हे सांगताना मात्र तिचा आवाज फुटला.

आधीच्या भेटींमध्ये मी तिला बरंच समजावलं होतं. तिला ते पटायचंही, पण घरी गेलं की जैसे थे. त्या दिवशी मी तिचंच वाक्य कागदावर लिहिलं, ‘माझ्यामुळेच झालं’, आणि म्हटलं, “यातल्या ‘च’वर अंगठा ठेव. आता वाच.”

“माझ्यामुळे झालं.” ती थांबली. “माझ्यामुळे... पण झालं असेल.”

“असेल. आणखी कशामुळे?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “आमच्या गल्लीत तेव्हा सगळीच पोरं खोकत होती.”

“आणि हे छिद्र?”

“ते जन्माचंच आहे.” आणि ती रडली. याआधीही ती रडायची, पण ते स्वतःला बोल लावत. हे रडणं बाळासाठी होतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणारी विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत रुजवली ती कि. मो. फडके यांनी. मी त्याच वाटेवरची. माणसाला छळतो तो हट्टी ‘च’, हे मी वाचलेलं होतं. पण आईच्या अंगठ्याखाली तो झाकला गेलेला पाहिला, तेव्हा मला तो खरा कळला. ‘सर्दी होताच कामा नये’ असं म्हणणारी आई झोपत नाही, आणि न झोपलेल्या आईला बाळाचा बदललेला श्वास लवकर कळत नाही.

मग आम्ही घरातल्या सगळ्यांना बोलावलं. दाराशी राखण एकट्या आईने का करायची? बाहेरून आलेल्याने, थोरलीनेसुद्धा, आधी साबणाने हात धुवायचे आणि कपडे बदलायचे. सर्दी-खोकला असेल त्याने बाळाला घ्यायचं नाही, मग तो मामा असो की डॉक्टर. बारसं घरच्या घरी. मोबाइल, खुळखुळा पुसायचा. कडक पृष्ठभागावर हा विषाणू काही तास टिकतो. अंघोळीनंतरची धुरी बंद, घरातली विडी बंद. यावर सासूबाई कुरकुरल्या, पण धुराने फुप्फुसांना होणारा त्रास डॉक्टरांनी सांगितल्यावर शेगडी त्यांनी स्वतःच माळ्यावर टाकली. लसी वेळेवर द्यायच्या. सहा महिन्यांनंतर बाळालाही फ्लूची लस देता येते, घरच्यांनी त्याआधीच घ्यावी. आरएसव्हीपासून जपणारं प्रतिपिंडांचं इंजेक्शनही आहे. ते महाग आहे, तरी आपल्या बाळाला लागेल का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचाराच. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, तेव्हा मागची उरलेली बाटली उघडू नका. हृदयाची औषधं मात्र मनाने थांबवायची नाहीत.

आणि मी प्रत्येक आईला देते ती वही. बाळ बरं असताना, शांत झोपेत, पूर्ण मिनिटभर श्वास मोजून लिहायचे. ही बाळं एरवीही भरभर श्वास घेतात, त्यामुळे आपल्या बाळाचा नेहमीचा आकडा माहीत असावा लागतो. तो चांगलाच वाढला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, दूध निम्म्यावर आलं, पिताना कपाळावर नेहमीपेक्षा जास्त घाम फुटला किंवा लंगोट कोरडे राहू लागले, तर सकाळची वाट पाहायची नाही. ओठ निळे पडले तर त्या क्षणी निघायचं.

थोरलीला आम्ही पाय दिले. हात धुऊन बाळाच्या पायांचा पापा घ्यायचा, तोंडाचा नाही. त्या संध्याकाळी ती उंबरा ओलांडून आत आली.

ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी रात्री आईचा फोन आला. “मॅडम, शिंकतोय. झोपेत मोजले, ५२. नेहमीचे ४६. दूध पूर्ण प्यायला, खड्डा नाही. तरी निघालोय, रिक्षा दारात आहे. थोरली आजीपाशी झोपलीय.”