एक लाख वीस हजारांचं जीपीएस घड्याळ आत्ता घ्यावं का?

प्रश्न, थोडक्यात: वय ३३, पुणे. हातात येणारा पगार ७८,००० रुपये. घराचा हप्ता २९,०००, घरखर्च साधारण ३२,०००, एसआयपी ८,०००. बचत खातं आणि एफडी मिळून १,१०,००० रुपये. पत्नीला पाचवा महिना चालू आहे. सात आठवड्यांपासून पाठीवर वजन घेऊन चालतो (रकिंग): आठवड्यातून दोनदा वेताळ टेकडी, रविवारी सिंहगड. सैनिकी धाटणीचं एक दणकट जीपीएस घड्याळ पाहिलं आहे. रोख १,१२,०००, किंवा ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर दरमहा १०,००० असे १२ महिने. वर्षभर एसआयपी थांबवून घेऊ का? दुकानात २,००० रुपये टोकन दिलं आहे.

नमस्कार.

सात आठवडे खाडा न करता ओझं घेऊन टेकडी चढताय, याचा मला मनापासून आनंद झाला. मी स्वतः गेली चार वर्षं दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतो, पाठीवर नऊ किलो असतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे ‘कशाला हवा हा खर्च’ अशा नजरेनं मी बघणार नाही. पण आत्ता, या रकमेला आणि या पद्धतीनं हे घड्याळ घेऊ नका.

आधी हप्त्याचा हिशोब. रोख घेतलं तर १,१२,००० आणि हप्त्यानं १,२०,०००, म्हणजे ८,००० रुपये व्याज आहेच, फक्त त्याला व्याज म्हटलेलं नाही. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४४० रुपये, तुमच्या कार्डावर हप्त्याहप्त्यानं लागेल. वर प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर. सगळं धरलं तर हे कर्ज वर्षाला १५ ते १६ टक्क्यांच्या घरात जातं, तुमच्या गृहकर्जापेक्षा कितीतरी महाग. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते आणि ते व्याज बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना लेखी सुनावलं होतं.

एसआयपी थांबवण्याबद्दल. ८,००० च्या हिशोबानं वर्षाचे ९६,००० रुपये. येणाऱ्या बाळाच्या अठराव्या वर्षापर्यंत ते तसेच राहिले आणि सरासरी १० टक्के परतावा धरला, तर पाच लाखांच्या वर जातात. ही हमी नाही, बाजार आहे. पण तुम्ही खर्च १,२०,००० चा धरलाय आणि तो तेवढाच नाही, एवढं त्यातून दिसतं.

माझी खरी काळजी मात्र वेगळीच आहे. तुम्ही लिहिलंय की रुग्णालयानं साध्या बाळंतपणाचा अंदाज ९०,००० दिला आहे, शस्त्रक्रिया झाली तर १,६०,०००. कंपनीच्या विम्यात प्रसूतीसाठी मर्यादा ५०,००० ची. म्हणजे खिशातून ४०,००० ते १,१०,००० जाणार. तुमची सगळी गंगाजळी बरोबर १,१०,००० आहे. सिझेरियन झालं तर बाळ घरी येईल त्या दिवशी या गंगाजळीतलं काहीच उरणार नाही, आणि कार्डावर घड्याळाचे आठ हप्ते शिल्लक असतील. बाळाला दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर पैसे कुणाकडे मागायचे? आज तुमच्याकडे दोन महिन्यांचा खर्चही पुरता बाजूला नाही. सहा महिन्यांचा म्हणजे ३,६६,००० असायला हवा. त्यामुळे महिन्याला जे ९,००० उरतात ते पुढचे चार महिने सगळेच्या सगळे एफडीत जाऊ द्या.

आता घड्याळाकडे वळतो, कारण पैशांचा निम्मा निर्णय त्यातच आहे. सैनिकी आवृत्तीत जास्तीचे पैसे कशाचे असतात? नाइट व्हिजन मोड: पडदा इतका मंद होतो की तो नाइट व्हिजन चष्म्यातूनच वाचायचा. स्टेल्थ मोड: तुम्ही कुठे आहात याची नोंद घड्याळ ठेवत नाही आणि कुणाला पाठवतही नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या ॲपच्या नकाशावर धावणाऱ्या जवानांच्या वाटांमुळे लष्करी तळ उघडे पडले होते, तेव्हा ही सोय कुणाला लागते ते कळलं. शिवाय विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी जंपमास्टर, आणि घड्याळ शत्रूच्या हाती पडलं तर सगळी माहिती पुसणारा किल स्विच. सैनिकाला हे सगळं हवंच. तुम्हाला आणि मला मात्र चाललेली वाट नोंदवलेली हवी असते, ती स्टेल्थ मोडमध्ये नोंदवलीच जात नाही.

‘मिल-स्टँडर्ड ८१०’ या शिक्क्याचंही दडपण घेऊ नका. ती अमेरिकी लष्कराची चाचणी-पद्धत आहे, लष्करानं दिलेलं प्रमाणपत्र नव्हे. चाचणी बहुधा उत्पादकच करतो किंवा करून घेतो, आणि स्वस्त घड्याळांवरही हा शिक्का असतो. उन्हावर बॅटरी भरणाऱ्या सौर काचेचंही तसंच. गार्मिन इन्स्टिंक्ट २एक्स सोलरसारख्या घड्याळाची ‘अमर्याद बॅटरी’ रोज तीन तास ५०,००० लक्स, म्हणजे उघड्यावरच्या उन्हाइतका, उजेड धरून सांगितलेली असते. दिवसभर ऑफिसात बाहीखाली असलेल्या मनगटाला तो मिळत नाही, आणि जुलैत सिंहगडाच्या ढगातही नाही.

तुम्हाला खरोखर उपयोगी पडतील अशा गोष्टी थोड्या आहेत. पहिली म्हणजे बटणं. गेल्या ऑगस्टमध्ये एका मित्राच्या मनगटावर नुसतं टचचं घड्याळ होतं. पावसाचे थेंब पडले की पडदा आपोआप सरकायचा, आणि गडावर पोहोचलो तेव्हा कळलं की नोंद अर्ध्या वाटेतच बंद पडलीय. दुसरी, आलेल्या पावली परत नेणारी वाट, कारण तुम्हाला रात्रीचा कात्रज ते सिंहगड करायचा आहे. तिसरी, जीपीएस चालू ठेवून किमान पंधरा-वीस तासांची बॅटरी. चौथी, १० एटीएम (शंभर मीटर खोल पाण्याइतका दाब) सोसणारी पाणीरोधकता. पाठीवरचं वजन घड्याळात भरता येणं ही सोय छान, पण तिच्यासाठी पन्नास हजार मोजू नका. वजन, वेग, चढ आणि जमीन यांवरून ऊर्जा काढण्याचं पँडॉल्फचं समीकरण १९७७ पासून सगळ्यांना खुलं आहे, आणि त्याचं काम कागदावरही होतं.

या चारही गोष्टी साध्या मालिकेतल्या किंवा मागच्या पिढीच्या घड्याळात मिळतात. गार्मिनचं इन्स्टिंक्ट २ किंवा अमेझफिटचं टी-रेक्स ३ बघा. पहिल्यात नकाशा नाही, पण वाट दिसते आणि सगळा कारभार पाच बटणांवर चालतो. दुसऱ्यात ऑफलाइन नकाशा आहे. माझी मर्यादा २५,००० रुपये. जुनं घेतलंत तर विकणाऱ्यासमोर दोन तास जीपीएस चालवून बॅटरी किती उतरते ते बघा, आणि त्याचं खातं घड्याळातून काढून घ्या. या घड्याळांची बॅटरी घरी बदलता येत नाही, म्हणून आयुष्य पाच वर्षं धरा. एक लाख वीस हजारांचं घड्याळ म्हणजे पाच वर्षं दरमहा २,००० रुपये. २५,००० चं म्हणजे ४१७.

तासाचाही हिशोब करा. आठवड्याला तीन तास, वर्षाला दीडशे. पाच वर्षं टिकलात तर महागडं घड्याळ तासाला १६० रुपयांना पडतं. बाळ आल्यावर, जागरणांमुळे, चालणं सहा महिन्यांतच बंद पडलं तर तासाला १,६००. तुम्ही टिकणार नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण सात आठवड्यांवरून हे ना तुम्हाला सांगता येईल, ना मला.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवण्याचा विचारही तुम्ही लिहिलाय. जीपीएस घड्याळ फक्त सिग्नल घेतं, त्याला अडचण नाही. पण उपग्रहावरून संदेश पाठवणारं मॉडेल असेल तर अजिबात नको. अशी उपकरणं आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाभोळी विमानतळावर एका कॅनडाच्या धावपटूला याच कारणावरून अडवलं होतं. शिवाय तिकडची वॉरंटी इथे चालते का, तेही विचारून घ्या.

तर पैशांचं असं करा. एसआयपी चालू राहू दे. बाळंतपण होऊन दोन महिने गेले की ३,००० ची आरडी सुरू करा, आठ महिन्यांत २४,००० होतील. तोवर फोनवर नकाशा उतरवून ठेवा आणि चालताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे बॅटरी टिकते. आत्ता खर्च करायचाच असेल तर पायावर करा. तुम्ही लिहिलंय की बुटाचा तळ झिजलाय आणि उतरताना गुडघा बोलतो. ८२ किलोच्या अंगावर आठ किलो घेऊन झिजलेल्या तळानं सिंहगड उतरू नका. चार-साडेचार हजारांचे चांगले बूट या महिन्यात घ्या, हे मी बिनदिक्कत सांगतो. आणि वजन तूरडाळीच्या पिशव्यांऐवजी पाण्याच्या बाटल्यांचं घ्या. वर पोहोचलात की पाणी झाडांना घाला आणि हलक्या पाठीनं उतरा.

टोकनच्या पावतीवर मागे ‘सात दिवसांत रद्द केल्यास पूर्ण परत’ असं छापलंय, तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते दिसतं. पावती गेल्या शुक्रवारची आहे. उद्या दुकान उघडताच जा.