क्वार्टरबॅकच राहायचं, की संघाला हवं तिथे खेळायचं?

प्रश्न : आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. मुलगा आता अकरावीत जाईल. सातवीपासून तो अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, म्हणून खेळतो. यंदाच्या वसंतातल्या सरावानंतर कोचनी पहिला क्वार्टरबॅक म्हणून दुसऱ्या मुलाला निवडलं. आमच्या मुलाला म्हणाले, तू दुसरा क्वार्टरबॅक राहा, शिवाय रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, म्हणून खेळ आणि किकऑफच्या तुकडीतही ये. मुलगा तयार आहे, सारखं टेसम हिल या फुटबॉलपटूचं उदाहरण देतो. त्याचे बाबा म्हणतात, हे एक ना धड भाराभर चिंध्या, त्यापेक्षा शाळाच बदलू. मला खेळातलं फार कळत नाही. अभ्यासाची काळजी वाटते आणि डोक्याला मार लागेल याची जास्त भीती वाटते. आम्ही काय करावं?

उत्तर :

ताई, आधी शाळा बदलण्याबद्दल बोलते, कारण ते घाईत झालं तर निस्तरणं कठीण जाईल. टेक्ससमधल्या सरकारी शाळांच्या खेळांचे नियम यूआयएल ही संस्था ठरवते. एका शाळेकडून खेळलेला मुलगा दुसऱ्या शाळेत गेला की त्याच्या आधीच्या खेळाविषयी एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यावर जुन्या शाळेचंही म्हणणं घेतलं जातं. बदल खेळासाठीच केला, असं समितीचं मत झालं तर मुलाला किमान एक वर्ष व्हार्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य, संघात खेळता येत नाही. कॉलेजचे कोच अकरावीच्या हंगामाचे व्हिडिओ सर्वांत बारकाईने बघतात, आणि नेमकं तेच वर्ष वाया जाईल. घर किंवा नोकरी खरोखरच बदलत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर हा विचार सोडून द्या.

आता टेसम हिल. त्याची कारकीर्द बाबांनीही नीट समजून घ्यावी असं मला वाटतं, कारण तिच्यात मुलाला बळ देणारं जेवढं आहे तेवढंच बाबांची काळजी खरी ठरवणारंही आहे.

हिलचा जन्म १९९० चा, आयडाहो राज्यातल्या पोकाटेलोचा. शाळेनंतर स्टॅनफर्डला जायचं ठरलं होतं. पण मॉर्मन पंथाच्या प्रथेप्रमाणे तो दोन वर्षं धर्मकार्यासाठी सिडनीला गेला आणि परतल्यावर युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात दाखल झाला. तिथे २०१२ ते २०१६ असे पाच हंगाम त्याच्या वाट्याला आले आणि त्यांतले चार दुखापतीने अर्धवट सुटले. आधी गुडघा, मग पाय मोडला, मग पाऊल, शेवटी कोपर. जो एक हंगाम पूर्ण मिळाला त्या २०१३ मध्ये त्याने ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाविरुद्ध एकाच सामन्यात २५९ यार्ड धाव घेतली, आणि तीही क्वार्टरबॅक असताना. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०१७ च्या ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, सातही फेऱ्यांत मात्र एकाही संघाने त्याला घेतलं नाही. ग्रीन बे पॅकर्सने ड्राफ्टबाहेरचा खेळाडू म्हणून करार केला आणि हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर सोडून दिलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. न्यू ऑर्लीन्स सेंट्सने त्याला उचललं, आणि तिथे ड्रू ब्रीझसारखा दिग्गज पहिल्या जागेवर होता.

पुढे जे घडलं त्यामागे साधा हिशेब होता. एनएफएलच्या संघात ५३ खेळाडू असतात, पण सामन्याच्या दिवशी त्या काळी ४६ जणांनाच मैदानात उतरण्याची मुभा होती. तिसऱ्या क्वार्टरबॅकवर त्यांतली एक जागा खर्च करायला कोच सहसा तयार नसतात, कारण वरचे दोघे जायबंदी झाल्याशिवाय त्याचा उपयोगच नसतो. सेंट्सचे तेव्हाचे मुख्य कोच शॉन पेटन यांनी हिलकडे पाहिलं. अंगाने दणकट, पायाला वेग. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी त्याला किकऑफच्या तुकडीत उतरवलं. हे काम म्हणजे चेंडू लाथाडला की मैदानभर सुसाट धावत जायचं आणि समोरून चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवं करायचं. क्वार्टरबॅकला सरावातही वेगळ्या रंगाची जर्सी घालतात, कोणी त्याच्या अंगावर आदळू नये म्हणून. आणि हा क्वार्टरबॅक नवख्या आणि राखीव खेळाडूंचं काम करत होता. त्या कामामुळे त्याला ४६ मध्ये जागा मिळाली, आणि मैदानात आहेच तर एखादा डाव त्याच्या हाती देऊन पाहू, असं कोचना वाटू लागलं.

२०१८ मध्ये टॅम्पा बेविरुद्ध त्याने पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेला चेंडू, अडवली आणि सामन्याचा रंगच पालटला. जानेवारी २०२० मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात त्याने ५० यार्डांचा पास फेकला, चेंडू घेऊन ५० यार्ड धावला आणि टचडाउनचा, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवण्याचा, झेलही घेतला. सेंट्स तो सामना हरले, तरी इतक्या मोठ्या दिवशी एकाच माणसाने ही तिन्ही कामं केलेली क्वचितच पाहायला मिळतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रीझच्या बरगड्या मोडल्या. पेटन यांनी चार सामन्यांसाठी हिलला पहिला क्वार्टरबॅक केलं. त्यातले तीन सेंट्सने जिंकले.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्या मुलाला पाठ असेल. पुढची बाबांसाठी आहे.

ब्रीझ निवृत्त झाल्यावर २०२१ मध्ये पहिल्या क्वार्टरबॅकची जागा मोकळी झाली आणि ती जेमिस विन्स्टनला मिळाली, हिलला नाही. विन्स्टन जायबंदी झाल्यावर डिसेंबरमध्ये हिलची पाळी आली. डॅलस काउबॉइजविरुद्ध तो खेळला आणि त्याचे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले. त्या सामन्यात त्याच्या बोटाला दुखापत झाली होती हे खरं, पण फेकण्यात तो पहिल्या फळीतला नाही, ही शंका लोकांच्या मनात पक्की झाली. २०२२ पासून संघाच्या यादीत त्याच्या नावापुढे टाइट एंड (समोरच्यांना अडवणारा आणि पास झेलणारा खेळाडू) असं लिहिलं जाऊ लागलं. पूर्णवेळ क्वार्टरबॅक होण्याचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं.

त्याच्या नोव्हेंबर २०२१ च्या करारात तर हे आकड्यांतच मांडलेलं होतं. चार वर्षांचे मूळ ४ कोटी डॉलर, आणि पूर्णवेळ क्वार्टरबॅक झाला तर हीच रक्कम ९.५ कोटींपर्यंत जाऊ शकणार होती. एकाच माणसाची एकाच कागदावर दोन मोलं. बाबांचं म्हणणं इथे बरोबर आहे. एका जागेवर पक्का बसलेला क्वार्टरबॅक जास्त कमावतो, आणि दहा कामं करणाऱ्याला त्यातल्या सर्वांत मोठ्या कामासाठी बाजार सहसा निवडत नाही. पण याच करारात मुलाचं म्हणणंही आहे. ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही आणि पहिल्या संघाने सोडून दिलं, त्याला केवळ तिसरा क्वार्टरबॅक म्हणून चार कोटी कोणी दिले असते? इतर कामं केली नसती तर तो एनएफएलमध्ये टिकलाच नसता, असं मला ठामपणे वाटतं.

आणि तो नुसता टिकला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध त्याने ११२ यार्ड धावून तीन टचडाउन केले आणि चौथा टचडाउन पास फेकून करून दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, क्लीव्हलंडविरुद्ध १३८ यार्ड आणि पुन्हा तीन टचडाउन, त्यातला एक ७५ यार्डांच्या धावेचा. दोनच आठवड्यांनी त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. इतक्या जागी इतकी वर्षं अंग झोकून खेळण्याची किंमत शरीर मोजतं, आणि ती मुलाच्या हिशेबातही असायला हवी.

हिलच्या वाटेत तीन गोष्टी जुळून आल्या होत्या, आणि तुमच्या निर्णयासाठी त्याच महत्त्वाच्या आहेत. इतर कामं करतानाही तो क्वार्टरबॅकांच्या बैठकीत बसत राहिला, म्हणजे मूळ विद्या त्याने सोडली नाही. शरीर मोठ्या माणसाचं, पूर्ण वाढलेलं होतं. आणि याला कुठे, कशासाठी वापरायचं याची स्पष्ट योजना असलेला कोच त्याला भेटला. आपल्याकडे २००३ च्या विश्वचषकात राहुल द्रविडने यष्टिरक्षण केलं, संघाला एक जादा फलंदाज खेळवता यावा म्हणून. पण त्यासाठी फलंदाज द्रविड आधी पक्का असावा लागला. मूळ कौशल्य असं खणखणीत असेल आणि जोडकामाचा हेतू स्वच्छ असेल, तर त्याला भाराभर चिंध्या म्हणता येत नाही.

दुसरीही एक वाट आहे, थोडक्यात सांगते. ज्युलियन एडलमन केंट स्टेट विद्यापीठात क्वार्टरबॅक होता. २००९ मध्ये सातव्या फेरीत २३२ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडने त्याला घेतलं आणि रिसीव्हर केलं. दहा वर्षांनी तो सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याने क्वार्टरबॅकपद मागे ठेवलं आणि दुसऱ्या एकाच जागेत जीव ओतला. तुमच्या मुलाला रिसीव्हरचं काम मनापासून आवडू लागलं, तर तेही होऊ द्या. पदावरून खाली आल्याची भावना त्याला घरात जाणवू देऊ नका.

मात्र हिल आणि एडलमन ही नावं घेताना आकडे समोर असू द्यात. अमेरिकेत शाळकरी फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे १० लाख. त्यातली शंभरात सातेक कॉलेजात कुठल्या ना कुठल्या पातळीवर खेळतात, आणि कॉलेजात खेळणाऱ्या शंभरांतले दोनही एनएफएलपर्यंत पोचत नाहीत. म्हणून मी या खेळाकडे तुमच्या मुलाचा व्यवसाय म्हणून पाहत नाही. चांगल्या कॉलेजचं दार उघडायला मदत करणारी आणि त्याला मनापासून आवडणारी गोष्ट म्हणून पाहते, आणि तेवढ्यासाठीही ती पूर्ण ताकदीने करण्याजोगी आहे.

अभ्यासाचं गणित इथेच येतं. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागात खेळायचं तर १६ ठरावीक मुख्य विषय लागतात. त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या दहांत सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. या विषयांतला जीपीए (गुणांची सरासरी) किमान २.३ लागतो. ही किमान अट आहे, तुमचं लक्ष्य खूप वर असू द्या. तिसऱ्या विभागातली कॉलेजं आणि आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे कोचला मुलगा आवडला तरी प्रवेश गुणांवर आणि मदत घरच्या उत्पन्नानुसार मिळते. तिसऱ्या विभागात काही कॉलेजं गुणवत्तेवरही मदत देतात. अभ्यासात चांगला आणि दोन-तीन जागी खेळू शकणारा मुलगा अशा ठिकाणी फार उपयोगाचा असतो. शाळेच्या समुपदेशकाबरोबर याच महिन्यात बसून त्याचे विषय तपासा.

आता तुमची भीती. ती मला पूर्ण पटते आणि तिच्यापायी मी कोचच्या प्रस्तावात एक बदल मागेन. रिसीव्हर चालेल. किकऑफच्या तुकडीला मात्र मी आज हो म्हणणार नाही. दोन्ही बाजूंनी पूर्ण वेगात धावत येऊन होणाऱ्या टकरी हे या खेळातलं मोठं धोक्याचं ठिकाण आहे. एनएफएलनेही २०२४ मध्ये किकऑफची रचना बदलली ती मुख्यतः याच कारणाने. हिलने हे काम केलं ते २७ व्या वर्षी, तुमचा मुलगा अजून वाढतो आहे. त्याऐवजी होल्डरची जागा मागा. फील्ड गोलच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारताना, तो झेलून किकरसाठी जमिनीवर उभा धरायचं हे काम पुष्कळ संघांत दुसरा क्वार्टरबॅकच करतो, कारण त्याचे हात पक्के असतात. त्यात धोका बराच कमी आहे आणि दर सामन्यात मैदानात उतरायला मिळतं.

टेक्ससच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी मुलाला लगेच बाहेर काढावं लागतं आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घेता येत नाही. हे मुलाला तुम्ही स्वतः सांगा. मुलं जागा जाईल या भीतीने डोकेदुखी लपवतात, आणि दुसऱ्या क्रमांकावरची मुलं तर जास्तच. लपवलं नाहीस तर घरी कोणी रागावणार नाही, हे त्याने तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

ऑगस्टमधला सराव सुरू होण्याआधी कोचची भेट मागा. आठवड्यात क्वार्टरबॅक म्हणून सरावाचे किती डाव मिळतील आणि सामन्यात त्याच्यासाठी खास आखलेले डाव असतील का, हे विचारा. ‘बघू, गरज पडेल तसं’ असं उत्तर आलं तर योजना नाही असं समजा आणि फक्त रिसीव्हरचं काम स्वीकारा. उन्हाळ्यात सेव्हन-ऑन-सेव्हनच्या, म्हणजे सात-सात जणांच्या, स्पर्धा असतात, तिथे त्याला क्वार्टरबॅक म्हणून फेकायला मिळेल, तेही अंगावर कोणी न आदळता. ते पास हडल या खेळाडूंच्या व्हिडिओंच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओत आधी लावा, रिसीव्हरचे झेल त्यानंतर. कॉलेजचे कोच अशा मुलांना ‘अ‍ॅथलीट’ या गटात धरतात, त्यात कमीपणा मानू नका.

आणि त्या भेटीत प्रश्न मुलालाच विचारू द्या. तुम्ही दोघं शेजारी बसा, बाबांनी मध्ये बोलायचं नाही एवढं मात्र घरूनच ठरवून जा.