प्रोसेसर ९२ अंश दाखवतोय, पण फॅन फिरतोय. नवीन फॅन घेऊ का? (नागपूर)

लगेच घेऊ नका. आधी हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) साफ करा, कारण फॅन फिरतोय म्हणजे हवा आरपार जातेय असं नाही. सीताबर्डीला दुरुस्तीचं काम करतो. मे महिन्यात असे जे पीसी येतात, त्यांतल्या बहुतेकांचा फॅन धडधाकट असतो. त्याखालच्या हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत मात्र धुळीची अशी गादी बसलेली असते की चिमटीत धरली तर अख्खी निघते.

खात्री करायची तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन सीपीयू फॅनचा, म्हणजे प्रोसेसरच्या फॅनचा, आरपीएम (मिनिटाला किती फेरे) बघा. शून्य दिसला किंवा अडखळत वर-खाली होत असेल, तर फॅन नाहीतर त्याची वायर. आकडा स्थिर असेल तर कारण धूळ किंवा प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्ट. चालू करताच दोन मिनिटांत तापमान उडी मारत असेल तर हीटसिंकच्या चार पिनांपैकी एखादी सुटलीय का तेही बघा, हे फार होतं. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा. हीटसिंक काढलाच तर जुनी पेस्ट पुसून नवी लावा, मटारच्या दाण्याएवढी पुरे.

एक मात्र आहे: गेम चालू असताना ९२ म्हणजे बिघाडच असं नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांची तापमानाची मर्यादा ९५ आहे, इंटेलच्या अनेकांची १००. काहीच चालू नसताना ७०च्या वर असेल, तर खोलीत ४२ अंश असले तरी ते जास्तच.