६५ हजारांत आरटीएक्स ३०५० चा लॅपटॉप पैसे वसूल आहे का, की ४०५० साठी थांबावं?

धाकट्या भावाला साताऱ्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, बजेट ६५ हजार आहे, व्हॅलोरंट आणि जीटीए हे गेम चालायला हवेत, दुकानदारानं एक जाड आणि एक बारीक असे दोन लॅपटॉप दाखवलेत, हे सगळं समजलं. पण तुमचा दुकानदार म्हणतो, 'दोन्हीत कार्ड ३०५० च आहे, मग जाड डबा कशाला, बारीक घ्या.' हे साफ खोटं आहे. हेच वाक्य मी आमच्या दाजींकडून भर दिवाळीत, घरच्या सगळ्यांपुढं ऐकलंय. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी मुद्द्याचं. आरटीएक्स ३०५० हे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं काढणारी चिप. पण लॅपटॉपमधलं ३०५० म्हणजे एकच एक कार्ड नव्हे. एनव्हिडियानं ते ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत चालवायची मोकळीक लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिलेली आहे. चिप तीच, २०४८ कोअर तेच, ४ जीबी मेमरी तीच, पण एका लॅपटॉपात तिला ४० वॅट मिळतात आणि दुसऱ्यात ७५. एनव्हिडियाच्या आधीच्या १० आणि २० मालिकेत कमी वॅटच्या कार्डापुढं 'मॅक्स-क्यू' असं लिहिलेलं असायचं, त्यामुळं निदान कळायचं तरी. ३० मालिकेपासून ते कार्डाच्या नावातून गेलं. आता दोन्हींवरचा स्टिकर सारखाच दिसतो, आणि दुकानदाराला तेवढाच वाचता येतो.

मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात डिझाइनला आहे. दिवसभर सॉलिडवर्क्स, रात्री गेम. लॅपटॉप घेताना निम्मे पैसे माझे होते, निम्मे आण्णांनी घातले. आण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, त्यामुळं आमच्या घरात कुठलीही वस्तू आली की तिचा हिशेब होतोच. मी ५८ हजारांना घेतला. प्लॅस्टिकची बॉडी, वजन सव्वादोन किलोच्या वर, आय५, ३०५० आणि ७५ वॅट. हा ७५ चा आकडा मी कंपनीच्या साइटवर, त्या मॉडेलच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात शोधून काढला होता आणि तो सापडल्यावरच पैसे भरले होते.

दाजी पुण्यात आयटीत आहेत. त्यांनी त्याच सुमारास ७६ हजारांना घेतला. अॅल्युमिनियमची बॉडी, बारीक, हलका, आय७ आणि कार्ड ३०५० च. दिवाळीत ताई आणि दाजी आले. फराळ चालू असताना माझा लॅपटॉप बघून दाजी म्हणाले, "पाव्हणं, कार्ड तेच आणि डबा केवढा हा! मला विचारलं असतंस तर असला माल गळ्यात पडला नसता." तेवढ्यावर थांबले असते तर मी सोडून दिलं असतं. पण ते आण्णांकडं वळले आणि म्हणाले, "गेमच्या नादात पोरं आईबापाचे पैसे घालवतात बघा." आण्णा काही बोलले नाहीत. मला ते फार लागलं. त्या लॅपटॉपसाठी मी महिनोन्महिने वाचत होतो, दर बघत होतो, आकडे वहीत मांडत होतो, आणि हा माणूस स्टिकर बघून निकाल देतो!

दुसऱ्या दिवशी दोन्ही लॅपटॉप माडीवर एका टेबलावर शेजारी शेजारी लावले. दोन्ही आपापल्या अॅडॉप्टरवर, दोन्हीत १६ जीबी रॅम ड्युअल चॅनेल (म्हणजे दोन वाटांनी चालणारी), दोन्हीत सायबरपंक २०७७ हा गेम, १०८०पी, सेटिंग मीडियम. त्या गेमच्या आतच बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची ठरलेली चाचणी आहे, त्यामुळं खेळणाऱ्याच्या हाताचा प्रश्न येत नाही. पहिल्या फेरीत फरक दिसला, पण पहिली फेरी मी धरतच नाही, कारण मशीन तेव्हा गार असते. अर्धा तास गेम चालू ठेवला आणि मग परत बेंचमार्क लावला. माझ्यावर सेकंदाला सरासरी ४७ फ्रेम, त्यांच्यावर ३४. एचडब्ल्यूइन्फो हे वॅट आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं: माझं कार्ड ७२ ते ७५ वॅट घेतंय आणि १७०० मेगाहर्ट्झच्या आसपास पळतंय, त्यांचं ४० वॅटला अडकलंय आणि १२०० च्या खाली आलंय.

दाजी म्हणाले, ड्रायव्हर जुना असेल. ड्रायव्हर नवा टाकला. म्हणाले, टर्बो मोड लावू. लावला, पंखा ओरडायला लागला, वॅट ४० च राहिले. म्हणाले, माझा आय७ आहे, असं होणारच नाही. पण गेम कार्डापाशी अडलेला असताना आय७ करणार काय? तो बिचारा कार्डाची वाट बघत बसतो. आय५ आणि आय७ यांपेक्षा पुढचं अक्षर जास्त महत्त्वाचं आहे, 'एच' आहे की 'यू'. यू म्हणजे १५ वॅटच्या जातीचा प्रोसेसर. गेमिंगसाठी एच बघा आणि तिथं वाचलेले पैसे कार्डाच्या वॅटवर घाला.

हे सगळं चाललेलं असताना आण्णा वर आले. त्यांनी विचारलं, "हे मोजतात कशात?" मी सांगितलं, सेकंदाला किती चित्रं येतात त्याच्यात. ते म्हणाले, "मग दर काढ की." काढला. माझ्याला ५८ हजार भागिले ४७, म्हणजे एका फ्रेमला १२३४ रुपये. दाजींच्याला ७६ हजार भागिले ३४, म्हणजे २२३५ रुपये. आण्णा म्हणाले, हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आम्ही कधी भाव बोललो नाही. एवढं बोलून खाली गेले.

दाजींचं यावर ठरलेलं उत्तर आहे आणि ते आजही प्रत्येक कार्यात निघतं: "लॅपटॉप काय फक्त गेमसाठी असतो का?" नसतो, मान्य. मग त्यात ३०५० कशाला घेतलं? ज्याला गेम खेळायचा नाही, रेंडर करायचं नाही, त्यानं कार्ड नसलेला बारीक लॅपटॉप घ्यावा. तो स्वस्त पडतो, बॅटरी कितीतरी जास्त चालते आणि वजनही कमी. कार्डाचे पैसे मोजायचे आणि त्या कार्डाला अर्धीच वीज द्यायची, ह्या व्यवहाराला मी पैसे वसूल म्हणणार नाही, मग बॉडी कितीही चकचकीत असो. किंमत एका वस्तूची आणि घेतली दुसरीच, असं ते झालं.

तुमच्या दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा. त्या मॉडेलच्या कार्डाला वॅट किती? आणि रॅम एका स्टिकवर आहे की दोन? पहिल्याचं उत्तर त्याला येणार नाही, म्हणून डेमोचा पीस चालू करायला सांगा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये हेल्पखाली सिस्टिम इन्फर्मेशन आहे, तिथं मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. दुसऱ्यासाठी टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडा, किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. ह्या बजेटमधले बरेच लॅपटॉप ८ जीबीच्या एकाच स्टिकवर येतात. व्हॅलोरंटसारखा गेम प्रोसेसरवर जास्त चालतो, आणि एकाच स्टिकवर, म्हणजे सिंगल चॅनेलमध्ये, प्रोसेसरला मेमरी अर्ध्या वेगानं मिळते. सरासरी फ्रेम बरी दिसते, पण मधेच झटका बसतो आणि नेमका तेव्हाच समोरचा गोळी घालतो. ८ ची दुसरी स्टिक टाकली की हे जातं. म्हणून दुसरा स्लॉट रिकामा आहे का ते आधीच बघा. बारीक लॅपटॉपात रॅम बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथं पुढं काही करता येत नाही.

यूट्यूबवरच्या आकड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ते आकडे एसी खोलीतले असतात. आमच्याकडं मे महिन्यात स्लॅबखालच्या माडीवर दुपारी बसून बघा. खोलीचं तापमान १२ अंशांनी चढलं की चिपचंही साधारण तेवढंच चढतं, आणि इंटेलचे हे प्रोसेसर १०० अंशांपाशी पोचले की स्वतःच वेग उतरवतात. माझा जो गेम दिवाळीत ४७ वर चालतो, तो मेमध्ये ४२-४३ वर येतो. जाड डब्याला दोन पंखे आणि मोठ्या जाळ्या असतात, म्हणून तो एवढ्यावरच थांबतो. साताऱ्यात उन्हाळा आमच्यापेक्षा थोडा सौम्य असेल, पण हॉस्टेलच्या खोलीत चार पोरं आणि एक पंखा असतो हे धरून चाला. भावाला सांगा, मागची बाजू थोडी उचलून ठेव, गादीवर ठेवून खेळू नकोस आणि सायबरपंकसारख्या गेमला फ्रेम ४० ला लॉक कर. ४० स्थिर मिळणं हे ५० आणि २८ च्या मधे हिंदकळण्यापेक्षा कितीतरी बरं.

लाइट गेल्यावर काय होतं हे कुणी सांगत नाही, तेही लिहितो. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर निम्म्या ताकदीनंही चालत नाही, आणि एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर ते फ्रेम बऱ्याचदा ३० च्या आसपास धरून ठेवतं. लॅपटॉप बिघडला असं समजून दुकानात पळू नका. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर साइन वेव्हचा असू द्या आणि अॅडॉप्टर १५०-१८० वॅटचा आहे हे लक्षात ठेवून बाकीचा लोड कमी करा.

आता ४०५०. तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. ४०५० ला ६ जीबी मेमरी आहे, २५६० कोअर आहेत, आणि एनव्हिडियाचं डीएलएसएस फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमच्या मधली जादा फ्रेम कार्डानंच बनवायची सोय) चालतं, जे ३० मालिकेत नाही. ते कार्ड नक्कीच वरचं आहे. पण त्याचाही पल्ला ३५ ते ११५ वॅट आहे, म्हणजे तिथंही हीच फसवणूक होऊ शकते. पुरेसे वॅट असलेला ४०५० तुमच्या बजेटच्या आठ-दहा हजार वर मिळत असेल तर थांबा आणि तोच घ्या, कारण ४ जीबी व्हीरॅमचे, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचे, दिवस भरलेत. नवे गेम ४ जीबीत टेक्श्चर (वस्तूंवरची चित्रं) मावले नाहीत की अडखळायला लागतात, आणि त्यावर वॅटचा काही उपयोग नाही. व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह एवढंच खेळायचं असेल तर ३०५० चारही वर्षं पुरेल. मधला मार्ग म्हणजे ६ जीबीचा ३०५०. त्यात कोअरही २५६० आहेत, मात्र मेमरीचा बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता, १२८ बिटचा ९६ बिट झालाय. तरी ४ आणि ६ जीबी सारख्या दरात असतील तर ६ च घ्या. आरटीएक्स २०५० मात्र कुणी फुकट दिला तरच. ६४ बिटचा बस, ४ जीबी, आणि जास्तीत जास्त ४५ वॅट.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतं) लिहिलेलं असतं, पण खाली ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) असेल तर रंग धुतलेले दिसतात. गेमला चालतं. भाऊ फोटो किंवा व्हिडिओचं काही करणार असेल तर चालत नाही.

आणि एवढं लिहिल्यावर हेही सांगायला हवं की भाऊ रोज एसटीनं जाऊन-येऊन करणार असेल तर सव्वादोन किलो आणि वर अर्ध्या किलोचा अॅडॉप्टर खांद्यावर जड होतो. कॉलेजात चार्जिंगला जागा नसेल तर दुपारपर्यंत बॅटरी संपते. लायब्ररीत पंख्याचा आवाज शेजारच्याला ऐकू जातो. अशा वेळी बारीक घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, फक्त तो ४० वॅटचा आहे हे माहीत असून घ्यावा आणि दरही तसाच द्यावा. वॉरंटीत मागचं झाकण स्वतः उघडून रॅम टाकायला परवानगी आहे का, आणि सर्व्हिस सेंटर साताऱ्यात आहे की पुण्याला पाठवावं लागतं, हे दुकानातच लिहून घ्या.

दुकानदारानं दाखवलेल्या दोन्ही लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल नंबर खाली लिहा, शेवटची अक्षरं धरून. त्याच अक्षरांवरून वॅट शोधता येतात.