एका चॅनलवर दोन स्पीकर? आधी ओहम मोजा

काम अवघड नाही, फक्त वायर सोलण्याआधी हिशेब करा. ४ ओहमचे दोन स्पीकर पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडले की ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) २ ओहम लोड (विजेला होणारा एकूण अडथळा) दिसतो, सिरीजमध्ये (एकाच्या मायनसला दुसऱ्याचा प्लस) ८. ॲम्पच्या मॅन्युअलमध्ये किमान किती ओहम चालतो ते बघा. त्याखाली गेलात की ॲम्प तापून प्रोटेक्टला जातो (स्वतःला वाचवायला बंद पडतो), नाहीतर जळतो.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- ब्रिज केलेल्या (दोन चॅनल मिळून एक केलेल्या) चॅनलला बहुतेक ॲम्पमध्ये किमान ४ ओहम लागतात. तिथे २ ओहम लावू नका.
- एका स्पीकरची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी झाली की बास गायब होतो.
- सिरीजमध्ये वेगवेगळे स्पीकर नकोत. पॉवर सारखी वाटली जात नाही.

जोडणी झाली की ॲम्पला लावण्याआधी मोकळ्या टोकांवर मल्टीमीटर धरा. वरच्या पॅरलल जोडीला साधारण १.६ ते १.९ ओहम दिसेल, डीसी रेझिस्टन्स छापील आकड्यापेक्षा कमीच येतो. शून्याजवळ आलं तर वायरचा एखादा तंतू बाजूच्या टर्मिनलला टेकलाय का ते नीट बघा.

क्रॉसओव्हर, गेन वगैरे ॲम्पची सेटिंग नंतर. आधी ॲम्पचा आणि स्पीकरचा मॉडेल नंबर सांगा, जोडणी मिळून ठरवू.