मावशींची वही

प्रश्न : आमच्या मावशी गेल्या वर्षी वारल्या. दीर-नणंदांचे मोठे एकत्र कुटुंब त्यांनी सांभाळले, दहावीला नापास झालेल्या मुलांना रोज संध्याकाळी ओसरीवर बसवून पंचवीसेक वर्षे फुकट शिकवले आणि गावातल्या बचत गटाचा हिशेबही ठेवला. वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणिका काढायची आहे. आलेले सगळे लेख ‘प्रेमळ, सोशिक, सेवाभावी’ याच शब्दांभोवती फिरतात. तरुणपणी मावशी बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेल्या होत्या आणि बाबांच्या पत्नी साधनाताईंना फार मानत, म्हणून एका लेखात ‘साधनाताई जशा बाबांची सावली, तशाच मावशी काकांची सावली होत्या’ असे वाक्य आले आहे. मावशींच्या मुलीला ते खटकले, काकांना मात्र तेच सर्वांत आवडले. मावशींच्या ट्रंकेत दुधाच्या हिशेबाची एक जुनी वही सापडली. तिच्या मागच्या पानांवर मुलांची नावे आणि त्यांचे राहिलेले विषय लिहिलेले आहेत, पण ती छापण्याजोगी वाटत नाही. काय करावे?
— एक वाचक, जिल्हा वर्धा

उत्तर : मुलीला खटकले ते योग्यच आहे. वाक्य काढायचे की ठेवायचे हे ठरवण्याआधी, ज्यांचा दाखला दिला आहे त्या साधनाताईंना तरी तो शब्द कितपत लागू पडतो, हे पाहू. त्यांचा जन्म ५ मे १९२६ चा. म्हणजे २०२६ हे त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष, आणि त्या निमित्ताने ‘बाबांची सावली’ हे शब्द अनेक भाषणांत पुन्हा ऐकायला मिळतील.

साधनाताई माहेरच्या इंदू घुले, नागपूरच्या एका कर्मठ शास्त्री घराण्यातल्या. बाबांनी त्यांना प्रथम पाहिले तो प्रसंग अनेकदा सांगितला जातो. घरात बहिणीच्या लग्नाची गडबड होती आणि ही मुलगी सगळ्यांच्या नकळत मागच्या बाजूला जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुऊ लागत होती. दाढी वाढवून संन्याशाच्या वाटेला लागलेल्या मुरलीधर आमट्यांनी तिथेच लग्नाचे मनावर घेतले. हा प्रसंग बहुतेक जण बाबांच्या पारखी नजरेचे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यातली धुण्याची बादली महत्त्वाची वाटते, कारण आमटे त्या घरात आले नसते तरी कपडे धुतलेच जाणार होते. सेवेची ही सवय त्या माहेराहून घेऊन आल्या होत्या. सासरी जाऊन कोणाकडून शिकल्या नव्हत्या.

१९४६ च्या डिसेंबरात लग्न झाले. त्यानंतर वरोऱ्याच्या श्रमाश्रमात वेगवेगळ्या जातींची माणसे एका छताखाली राहू लागली, आणि सोवळ्यात वाढलेल्या या मुलीने त्या सगळ्यांचा संसार आपला मानला. पुढे १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहू लागले. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, हे भांडवल आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या यादीत दोन मुले मात्र कोणी धरत नाही. विकास १९४७ चा आणि प्रकाश १९४८ चा, म्हणजे साप-विंचवांच्या त्या माळावर आई पोहोचली तेव्हा दोघेही चार वर्षांच्या आतले होते. कुष्ठरोगाच्या भीतीने लोक त्या वाटेने फिरकत नसत, आणि आनंदवनात पिकलेली भाजीसुद्धा सुरुवातीला बाजारात कोणी घेत नव्हते. अशा ठिकाणी रोज चूल पेटवायची, रोग्यांच्या आणि आपल्या मुलांच्या ताटांत भेद ठेवायचा नाही, आणि आपले मूल रात्री तापाने फणफणले तर कोणाला हाक मारायची याचा विचारही एकटीनेच करायचा. सावलीला विंचू चावत नाही आणि तिला लेकरांना भरवावेही लागत नाही.

सोमनाथविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मावशी तिथे गेल्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळचा हा प्रकल्प १९६७ चा. ऐन मे महिन्यात, जेव्हा त्या भागातली शहाणी माणसे दुपारी दार लावून घेतात तेव्हा, तिथे राज्यभरातली तरुण मुले-मुली कुदळ-फावडी घेऊन जमतात. सकाळी श्रमदान होते, मग व्याख्याने आणि चर्चा. छावणीला जाऊन आलेल्या माझ्या परिचितांना बाबांची वाक्ये तोंडपाठ आहेत. ताईंचा विषय निघाला की मात्र वाक्य कोणालाच आठवत नाही. आठवते ते त्यांनी नाव विचारणे, घरी कोण कोण आहे हे विचारणे आणि दुसऱ्या दिवशी ते लक्षात ठेवून पुन्हा विचारपूस करणे. विशीतल्या, घरापासून दूर आलेल्या मुलीला त्या विचारपुशीने काय दिले असेल हे तुमच्या मावशीच सांगू शकल्या असत्या. पण मला वाटते, तुमच्या त्या वहीत त्याचे उत्तर थोडेफार आले आहे.

धाकटा मुलगा आणि नवी सून १९७३ मध्ये हेमलकशाच्या जंगलात गेली. पावसाळ्यात तिथला जगाशी संपर्क तुटे. १९९० मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, बाबांबरोबर ताईंनीही उभे केलेले घर सोडले आणि नर्मदेकाठी कसरावदला मुक्काम हलवला. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे. ते उभे राहत किंवा आडवे होत. अशा माणसाबरोबर नदीकाठी दहा-एक वर्षे राहणे म्हणजे काय, हे घरातल्या आजाऱ्याचे सहा महिने केलेल्या कोणत्याही बाईला समजावून सांगावे लागणार नाही. बाबा देव न मानणारे आणि ताई श्रद्धाळू, हा भेदही जन्मभर टिकला. त्यांनी आपली आठवण लिहिली तेव्हा पुस्तकाला नाव दिले ‘समिधा’. ‘सावली’ हा शब्द लोकांनी दिला होता, त्यांनी स्वतः हाताशी घेतला तो दुसराच. तो नम्र आहे, पण समिधेचे काम यज्ञात वेगळे मोजता येते.

आता तुमच्या स्मरणिकेविषयी. सर्वांत आधी मावशींचे माहेरचे नाव आणि गाव छापा. हे फार साधे वाटेल, पण माझ्या आजीच्या निधनाची बातमी लिहायला बसलो तेव्हा आम्हा सहा नातवंडांपैकी एकालाही तिचे माहेरचे आडनाव सांगता आले नव्हते. शेवटी तिच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या पितळी डब्याच्या बुडावर कोरलेले नाव पाहून ते कळले. बातमी छापून आली तेव्हा त्या वृत्तपत्राने जागा कमी पडते म्हणून नेमकी तीच ओळ गाळली होती, हा भाग वेगळा.

काकांचे मन मोडू नका. ‘सावली’ या शब्दात त्यांचे एक ऋण आहे आणि ते मनापासूनचे आहे. ते वाक्य लेखातून काढून काकांनाच एक पान लिहायला सांगा, मात्र एक अट घाला : मावशींनी त्यांचे न ऐकता केलेली एक तरी गोष्ट त्यात यावी. संध्याकाळी घरात पाहुणे असताना ओसरीवरची शिकवणी चालू ठेवण्यावरून कधी कुरबूर झालीच नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. ती कुरबूर लिहून आली तर ‘सोशिक’ या शब्दाची गरज उरणार नाही. बाकीचे लेख लिहिणाऱ्यांकडे ‘प्रेमळ’ म्हणजे काय केले, कोणासाठी आणि केव्हा, एवढेच विचारून लेख परत पाठवा. निम्मे लेख परत येणार नाहीत, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नका. बचत गटातल्या बायकांना मात्र लेख मागू नका. त्यांच्यापैकी दोघी-तिघींना जेवायला बोलवा, आणि मावशींच्या मुलीने शेजारी बसून त्यांचे बोलणे जसेच्या तसे टिपून घ्यावे.

राहिली ती वही. ती छापण्याजोगी नाही हे तुमचे मत मला मान्य नाही, कारण तुमच्याजवळ जे आहे त्यात तेवढाच मजकूर मावशींच्या स्वतःच्या हातचा आहे. एका बाजूला दूध किती लिटर आणि कोणत्या दिवशी खाडा, दुसऱ्या बाजूला ‘गणित, इंग्रजी’ आणि पुढे बहुधा पास झाल्याची खूण. एकाच वहीत घर आणि ओसरी कशी चालत होती हे त्या पानावर दिसते, ते कोणत्याही लेखाला सांगता येणार नाही. एक पान जसे आहे तसे, डागांसह छापा. मुलांची पूर्ण नावे मात्र झाका, नापास झाल्याची नोंद गावभर व्हावी अशी मावशींची इच्छा नसणार. छापण्यापुरती नावे झाकली तरी ती तुमच्याकडे आहेत. त्यांतली बरीच मुले आज चाळिशी ओलांडून गेली असतील, कोणी एसटीत असेल, कोणी शेतावर असेल. स्मरणिका छापखान्यात जाण्याआधी पहिल्या नावापासून सुरुवात करून एकेकाला फोन लावा, आणि मावशी ओसरीवर नेमक्या कुठे बसत असत, एवढेच आधी विचारा.